या वेळी राहील, असं तू म्हणालीस

उज्जू, तुला शेवटचं पाहायला मी आले नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. महाल भागातल्या तुमच्या गल्लीत सावनेरहून आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या म्हणे. मीच नव्हते. कोणी विचारलं तर सुधीरने सांगितलं, तिला बरं नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पुरतं खरं सुधीर आणि डॉक्टर सोडून एकाच बाईला माहीत होतं, आणि तिलाच त्या दिवशी खांद्यावर घेऊन चालले होते.

सकाळी मला पुन्हा थोडं रक्त दिसलं होतं. सुधीर कपडे करून दारात उभा होता. मी म्हटलं, मीही येते.

"डॉक्टरनं उठू नको म्हटलं ना तुले," तो म्हणाला. "आन् दिवस गेलेल्या बाईले मयतीच्या घरी कोणी नेत नाही, रजनी."

खाणीत मोठमोठ्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. असलं काही मानताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण दोनदा हातचं गेल्यावर आम्ही दोघंही कशाकशाला घाबरायला लागलो होतो. मी वाद घातला नाही. डाव्या कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड केलं. तो गेला. तुझ्यासाठी मी त्या दिवशी एवढंच केलं, उज्जू. पडून राहिले. रडतानासुद्धा पोटाला हिसका बसू नये म्हणून उशी दाताखाली धरली.

आपण शाळेत एका बाकावर बसायचो, पण मैत्रिणी झालो त्या धंतोलीत. शाळेतली तू मला फारशी आठवतही नाहीस. हुशार होतीस, भांडखोर होतीस, आणि दहावीनंतर तुझ्या आई, आमच्या काकू, तुला घेऊन त्यांच्या माहेरी महालात राहायला गेल्या, एवढंच. मग इतक्या वर्षांनी, धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाकावर बसलेली आणि एक बाई थर्माकोलचा पांढरा डबा छातीशी धरून पळत येते आहे.

"बाजूले व्हा वं मावशी, बर्फ वितळून राहिला," असं तू फरशी पुसायला बसलेल्या बाईला म्हणालीस आणि माझ्या पायाला धडकून पुढे गेलीस. वळून पाहिलंस. ओळखलंस. हातानेच 'थांब' म्हणालीस आणि पलीकडच्या खोलीत शिरलीस. मला तेव्हा वाटलं, हीसुद्धा टाळते आहे. त्या दिवसांत सगळेच टाळायचे.

तू परत आलीस ती कपाळाचा घाम पुसत. मग सांगितलंस की रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवावं लागतं आणि लगेच यंत्रात फिरवून त्यातलं पाणी वेगळं करावं लागतं. तुला जे मोजायचं होतं ते रक्तातल्या पेशी शरीराबाहेर आल्यावरही बनवत राहतात. उशीर झाला की आकडा उगाच वाढतो.

"बाहेर काढलेलं रक्त थोड्याच वेळात खोटं बोलाले लागते, रजे," तू म्हणालीस. "म्हणून पळते मी." मग माझ्या हातावरची सुईची पट्टी पाहून विचारलंस, "तुहं काय झालं?"

"दुसरं गेलं," मी म्हटलं.

लोक काय काय म्हणायचे ते तुला माहीत आहे. वय आहे अजून. देवाच्या मनात नसेल. जे होतं ते बऱ्यासाठी. तू त्यातलं काही बोलली नाहीस. तू विचारलंस, कितवा महिना होता, आधी दुखलं की आधी रक्त दिसलं, ठोके कधी दिसले होते का. आधी मला राग आला. मग मी बोलायला लागले. सगळं सांगितलं. संडासात काय दिसलं तेसुद्धा. ते मी आईलाही सांगितलं नव्हतं, सुधीरलाही नाही. तू मान हलवत ऐकत होतीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर कीव नव्हती. तू लक्ष देत होतीस. माझ्या पोटात जे झालं होतं ते लक्ष देण्यासारखं आहे, असं मानून मला पहिल्यांदा कोणीतरी वागवलं.

मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाताना तू मला तुझं काम समजावलंस. तुला समजावता येत नव्हतं, हेही सांगते. तू फार भरभर बोलायचीस. एंडोकॅनाबिनॉइड हा शब्द तू तीन वेळा म्हणालीस तेव्हा मला एकदा कळला. भांग घेतल्यावर त्यातलं द्रव्य शरीरात जिथे जाऊन काम करतं, तिथेच काम करणारं एक द्रव्य आपलं शरीर स्वतःच बनवतं. बायकांच्या, पुरुषांच्या, सगळ्यांच्याच रक्तात ते असतं. बाईला दिवस गेले की पहिल्या महिन्यांत ते कमी होतं. पुढे कमीच राहतं. आणि कळा सुरू झाल्या की एकदम चढतं. ज्यांचं मूल राहत नाही अशा काही बायकांमध्ये मात्र ते सुरुवातीला खाली आलेलंच नसतं, असं बाहेरच्या देशांत थोड्या बायकांमध्ये दिसलं होतं. तुला आपल्याकडच्या बायकांचं पाहायचं होतं. सावनेरच्या, काटोलच्या, उमरेडच्या. सुरुवातीलाच रक्त दिसू लागलं म्हणून घाबरून धंतोलीत येणाऱ्या.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"आनंदामाइड. आपल्या संस्कृतातल्या आनंदावरून ठेवलं आहे."

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "म्हणजे आनंद कमी झाला तर पोर राहते?"

"नावावर नको जाऊ वं."

"कोणी ठेवलं असलं नाव?"

"तू पोहे खा," तू म्हणालीस. पण मला ते नाव पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. पहिल्या वेळी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या तेव्हा मी पंचायत समितीतल्या माझ्या टेबलावर दिवसभर एकटीच हसत होते. सुधीरने पेढे आणले होते. मी तुला विचारलं होतं, तोच आनंद नडला का? तू चिडली होतीस. म्हणाली होतीस, पेढे खाल्ल्याने रक्तातलं काही वाढत नाही आणि बाईच्या हसण्या-रडण्याने मूल पडत नाही, हे तुझ्या टाळक्यात कधी शिरणार आहे. तू चिडलीस त्याचं मला केवढं बरं वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. त्या एका चिडण्याने माझ्या सासूबाईंची, शेजारणींची, माझी स्वतःचीसुद्धा कितीतरी बोलणी पुसली गेली.

या वेळी दिवस राहिले तेव्हा मी आधी तुला फोन केला. सुधीरला संध्याकाळी सांगितलं. दुसऱ्या कोणालाच नाही. आणि मग तिसरा महिना लागतो न लागतो तोच रक्त दिसलं. आम्ही धंतोलीत पोचलो तेव्हा तू दारातच होतीस. सोनोग्राफीच्या खोलीत तुला येऊ दिलं नाही, पण मी बाहेर आले तेव्हा तू सुधीरचा चेहरा पाहून ओळखलंस की ठोके दिसले आहेत. पिशवीच्या बाजूला रक्ताची गाठ होती. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्या घ्या, पडून राहा, पाहू.

तू माझं रक्त काढलंस. देशील का, असं आधी विचारलंस, नाही म्हटलंस तरी चालेल, असंही म्हणालीस. माझी शीर कोणालाच सापडत नाही. तू एका झटक्यात शोधून काढलीस. नळी बर्फात खोचलीस आणि पळालीस.

पुढच्या वेळी तू मला भेटायला सावनेरला आलीस, आणि आपलं भांडण तिथे सुरू झालं. मी पलंगावर, तू पायथ्याशी खुर्चीत.

"माहा आकडा सांग," मी म्हटलं.

"मले माहीत नाही."

"उज्जू."

"खरंच माहीत नाही वं."

"माहं रक्त आहे. मले समजू दे."

"समजून करशील काय?"

"तयारी करीन."

"कायची तयारी?" तू खुर्ची पुढे ओढलीस. "ऐक. आकडा जास्त निघाला तर तो कमी करायचं औषध माह्याजवळ नाही. कोणाजवळच नाही. आन् शंभर बायकांचं मिळून काही दिसते, रजे, एका बाईचं नाही सांगता येत. जास्त असूनही राहते, कमी असूनही जाते. तुले मी आकडा सांगितला तर तू आतापासून सुतक धरून बसशील."

"मी आताही तेच करून राहिली."

तू माझ्याकडे न पाहता डब्यातून काकूंनी दिलेल्या वड्या काढल्यास. मी खाल्ल्या नाहीत. तू जाताना म्हणालीस, अजून एक नमुना घ्यावा लागेल, तेव्हा भेटू. मला वाटलं, हिला नमुन्याची पडली आहे. आणि मला हेही वाटलं, की तुला आकडा माहीत आहे आणि तो वाईट आहे. नाहीतर तू नजर का चोरली असतीस? अजूनही मला वाटतं की तुझं चुकत होतं. माहीत असो वा नसो, माझ्या पोटाबद्दलचं मला काय झेपेल ते तू कसं ठरवलंस? हे भांडण मला पुरं करायचं होतं. तुझ्याकडे उत्तर होतं की नव्हतं ते आता मला कळणार नाही.

मग तुला ताप आला. आधी साधाच वाटला. गल्लीत घरोघरी डेंग्यू होता. दोन दिवस तू गोळ्या खाऊन कामावर गेलीस. मग प्लेटलेट उतरल्या आणि तुला भरती केलं. तू दवाखान्यातून फोन केलास तेव्हा आवाज खरखरीत झाला होता, पण हसत होतीस.

"आता माहंच रक्त काढून राहिले सकाळ-संध्याकाळ. शीर नाही सापडून राहिली त्यायले. मी म्हटलं, द्या इकडं सुई, मीच काढते."

"काकू कुठे आहेत?"

"इथंच बसली आहे. दवाखान्यातलं जेवण चाखून त्याले नावं ठेवते." मग तू विचारलंस, "रक्त?"

"कालपासून नाही."

"बरं."

दोघी आपापल्या पलंगावर पडलेल्या. तुझ्याकडून कोणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "उज्जू, राहील का हे?"

मला तुझा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "राहील, रजे. या वेळी राहील."

"नक्की?"

"हाव. राहील."

कधी नव्हे ते. पुराव्याशिवाय तू चहात साखर किती आहे तेही सांगत नव्हतीस. तुझ्या तोंडून 'राहील' आलं म्हणजे तू आकडा पाहिला आहेस, आणि आजारपणात तुझा हट्ट ढिला पडला आहे, असं मी धरलं. तुझे मी आभार मानले नाहीत. फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्या महिन्यांत पोटावर हात ठेवला. तोवर ठेवत नव्हते. ठेवला आणि म्हटलं, ऐकलंस का रे.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. रक्तस्राव आत कुठेतरी सुरू झाला आणि थांबलाच नाही, असं सुधीरने नंतर सांगितलं. तू माझ्या रक्ताची चौकशी करत होतीस आणि तुझं आतल्या आत वाहायला लागलं होतं. हे मला सहन होत नाही, उज्जू. मी तुला 'तुझं कसं आहे' असं नीट विचारलंसुद्धा नव्हतं. आणि दुसरं एक मी कधीच विचारलं नाही. इतक्या बायकांच्या पोटांची चिंता करत पळायचीस, तुला स्वतःला मूल हवं होतं का? लग्न का केलं नाहीस, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं म्हणून मी विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. त्या ठरवण्यात हा दुसरा प्रश्नही राहून गेला.

तू गेल्यानंतरचे दिवस मी तुझ्या त्या एका वाक्यावर काढले. सुधीर ताटात वाढून आणायचा तेव्हा घास उतरत नसे. मग मी मनात म्हणे, उज्जूने पाहिलं आहे, उज्जूने आकडा पाहिला आहे. आणि खात असे. डाग दिसला की तेच. सुधीरलाही सांगितलं नाही. मला वाटे, तू नियम मोडून मला दिलेलं आहे, ते बोलून दाखवलं तर तुला बट्टा लागेल. रडू आलं की तुझ्यासाठी रडायची, आणि रडता रडता तुझ्याच वाक्याने स्वतःला सावरायची. तू मेली आहेस आणि तूच मला धरून ठेवलं आहेस, असं चाललं होतं.

तुझी तेरवी झाली त्याच आठवड्यात मला पुन्हा सोनोग्राफीला बोलावलं होतं. सुधीरने मित्राची गाडी आणली. ठोके होते. गाठही होती, वाढली नव्हती, विरलीही नव्हती. डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, पाहू.

बाहेर तुझ्यासोबत काम करणारी श्वेता थांबली होती, तोच थर्माकोलचा डबा घेऊन. माझी आणि तिची एकदाच भेट झाली होती. तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, उज्ज्वला मॅडमनी तुमचा दुसरा नमुना घ्यायचा म्हणून लिहून ठेवलं होतं, तुमची इच्छा असेल तर घेते.

मी हात पुढे केला. आणि ती शीर शोधत असताना म्हटलं, "माझा पहिला आकडा चांगला होता, नाही का?"

ती थांबली. "कोणता आकडा?"

"उज्जूला माहीत होता. तिने मला सांगितलं."

"तुमचा चांगला आहे, असं सांगितलं?"

"राहील, म्हणाली."

श्वेताने सुई खाली ठेवली. ती फार हळू बोलली, उज्जू, तिला दोष देऊ नकोस. म्हणाली, "ताई, अजून कोणाचंच मोजलेलं नाही. आपल्याकडं ते मशीन नाही ना. सगळे नमुने जमले की एकत्र बाहेर पाठवायचं ठरलं होतं. तुमची नळी आमच्या फ्रीजरमध्येच आहे. मॅडमलाही माहीत नव्हतं. तो आकडा अजून कुठंच नाहीये."

मला ऐकू येत होतं, पण ते आत जात नव्हतं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मग तिने शीर शोधली, चुकली, पुन्हा शोधली. मला दुखलं असेल. ती डबा घेऊन पळाली तेव्हा मी त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर बसले.

तू खोटं बोलली होतीस. आणि त्याआधी, जेव्हा मी तुला खोटी समजत होते, तेव्हा खरं बोलत होतीस. 'मले माहीत नाही' हे खरं होतं. 'राहील' हे... ते काय होतं, उज्जू? तुला माहीत नव्हतं. तुझ्याकडे काही नव्हतं. अंगात ताप, हाताला सलाईन, आणि पलीकडून मी 'नक्की?' म्हणून विचारते आहे. तू आयुष्यात जे कधी केलं नाहीस ते केलंस. मी घाबरले आहे म्हणून केलंस. त्यावर मी इतके दिवस जेवले, झोपले. आता ते पायाखालून काढून घेतल्यासारखं वाटलं. मला तुझा इतका राग आला की मी बाकाची कड घट्ट धरली. आणि तेवढ्यातच कळलं की कोणीही, कधीही, मला याहून मोठं काही दिलेलं नाही. दोन्ही एकदम आलं. मी कशालाच धरून राहू शकले नाही. सुधीर गाडी दारात आणून आत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला महालात ने.

"तिथं नको, रजनी."

"मला उज्जूच्या घरी जायचं आहे," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला उठायला हात दिला.

तुमच्या गल्लीत गाडी जात नाही. तोंडाशी उतरून आम्ही सावकाश चालत गेलो. काकू दारात धान्य निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. त्यांचा चेहरा फार लहान झाला आहे. मी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब."

मी थांबले. मला वाटलं, त्या दिवशी आले नाही याचा राग आहे. असायलाच हवा होता.

त्या माझ्या उभं राहण्याकडे पाहत होत्या, कमरेवरच्या हाताकडे पाहत होत्या. "दिवस आहेत तुले?"

"हाव, काकू."

"मंग आत नको येऊ." त्यांनी मागे वळून दार ओढून घेतलं. बाजूच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, गल्लीत सावलीत ठेवली, मला तीत बसवलं, आणि स्वतः खाली पायरीवर बसल्या. सुधीर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"काकू, मी असलं मानत नाही."

"मी बी मानत नव्हती," त्या म्हणाल्या. "आता मले सगळ्याचंच भेव वाटते." आणि मग, "उज्जीले माहीत होतं?"

"तिलाच पहिल्यांदा सांगितलं होतं."

"मले नाही सांगतलं तिनं. पेशंटचं कोणाचंच नाही सांगत जाय." त्यांनी सुपातला खडा काढून गल्लीत टाकला. "बाया विचारत, तुह्यी पोरगी कायचं काम करते. कोणीतरी म्हणे, भांगेचं काही करते. मले लाज वाटे. मी तिले विचारलं तर ती अशी भराभर सांगे का मले काहीच समजे ना. काय करे वं ती? तू सांग."

मी सांगितलं. तुझ्यासारखं नाही, हळूहळू सांगितलं. बाईच्या रक्तात आपलं आपणच तयार होणारं एक द्रव्य असते, काकू. दिवस राहिले की ते कमी होते. ते कमी झालं तर पोर पोटात राहते. मग सारे महिने ते कमीच राहते, आणि कळा आल्या की वर चढते. हे आपल्याकडच्या बायांमध्ये खरंच असं होते का, ते ती पाहत होती. ज्यांचं राहत नाही त्यांचं आधीच ओळखता येईल का, ते पाहत होती.

काकू ऐकत राहिल्या. सुपातला हात थांबला होता.

"मंग उज्जी माह्या पोटात होती," त्यांनी विचारलं, "तवा माह्याही रक्तात ते कमी झालं असंल?"

"हाव, काकू. झालं होतं. म्हणून तर ती राहिली."

"आन् ती झाली तवा वाढलं?"

"खूप वाढलं."

त्या खाली पाहायला लागल्या. "लय वेळ लागला होता तिले. मले वाटे, मी काही वाचत नाही. मंग ती झाली, आन् मले असं हलकं वाटलं का काय सांगू. दुखणं होतं, पण कुठंतरी दूर होतं. सुईण म्हणे, बाई हसून राहिली पाहा. मी कोणाले सांगतलं नाही कधी. म्हटलं, लोक हसतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते हेच होतं?"

तू असतीस तर म्हणाली असतीस, सांगता येत नाही. त्या दिवशी काकूंचं रक्त कोणी बर्फात ठेवलं नव्हतं. ते हलकं वाटणं कशाचं होतं ते आता कोणालाच कळणार नाही. मला हे सगळं माहीत होतं, उज्जू. तूच शिकवलं होतंस.

"हाव, काकू," मी म्हटलं. "हेच होतं."

मग त्या रडल्या. गल्लीत, पायरीवर बसून, पदर तोंडात धरून. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली आणि आत गेली. मी खुर्चीतून वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पोट दुखलं, तरी काढला नाही.

उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. दाराकडे पाहत म्हणाल्या, "बाळंत झाली का घेऊन येजो त्याले. तवा आत बसू. मी वाट पाहीन." आणि मी सुधीरकडे पाहिलं तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "आणशील ना वं?"

त्यांच्याजवळ आता वाट पाहायला दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, "हाव. आणीन."

हे काल झालं. आज सकाळी उठले तर पुन्हा रक्त दिसलं, आधीपेक्षा जास्त. सुधीर स्वयंपाकघरात चहा करतो आहे, भांड्यांचा आवाज येतो आहे. त्याला हाक मारायची आहे, गाडी सांगायला हवी, आणि मी तुला लिहीत बसले आहे. काय करू, उज्जू? मी काकूंना हो म्हणून आले आहे.